स्टीम जनरेटरचं ब्लोडाऊन आणि ते थंड करण्याची व्यवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, अणुवीज केंद्रात कामाला लागू पाहणारी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं. दुसरे, अशा केंद्रांच्या आसपास राहणारे आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल रास्त शंका विचारणारे लोक. उष्णतेचे आकडे वाफेच्या तक्त्यांवरून काढलेले आहेत. जिथे उदाहरणासाठी एखादी संख्या धरली आहे, तिथे "समजा" असं लिहिलं आहे.

ब्लोडाऊन म्हणजे नेमकं काय?

साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तळाचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी बाहेर काढतात, त्यालाच ब्लोडाऊन देणं म्हणतात. घरातही याचं कारण दिसतं. बोअरचं पाणी रोज ज्या बंबात तापतं, त्याच्या आत पांढरा थर बसतो. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात.

स्टीम जनरेटरमध्ये अणुभट्टीतून तापून आलेलं पाणी हजारो बारीक नळ्यांच्या आतून फिरतं आणि नळ्यांच्या बाहेरचं वेगळं पाणी त्या उष्णतेनं उकळतं. त्याच वाफेवर टर्बाइन चालतो. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या युनिटांत नळ्यांच्या आतून जडपाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी) जातं आणि बाहेर साधं पाणी उकळतं. बाहेरच्या बाजूला जे काही विरघळलेलं किंवा तरंगणारं उरतं, ते नळीपत्र्याच्या (नळ्यांची टोकं ज्यात बसवलेली असतात त्या जाड पत्र्याच्या) अगदी वरून, म्हणजे तळातून, थोड्या पाण्याबरोबर सतत बाहेर घेतात. कारखान्यात ब्लोडाऊन अधूनमधून झटका दिल्यासारखं देतात. इथे ते रात्रंदिवस वाहत असतं.

पाणी तर क्षारमुक्त असतं, मग साचतं काय?

क्षारमुक्त पाण्यातही थोडे क्षार असतातच, आणि स्टीम जनरेटर त्यांना सोडत नाही. हिशेब सोपा आहे. फीडवॉटरबरोबर, म्हणजे स्टीम जनरेटरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर, जेवढा क्षार आत येतो तेवढाच बाहेर गेला पाहिजे. वाफ तो जवळजवळ नेत नाही, म्हणजे वाट एकच उरते, ब्लोडाऊनची. ब्लोडाऊन फीडवॉटरच्या १ टक्का असेल, तर आतल्या पाण्यातले क्षार येणाऱ्या पाण्याच्या सुमारे १०० पट होतात. ते अर्धा टक्का केलं तर २०० पट.

आता समुद्रकाठच्या केंद्राचं उदाहरण घेऊ. कंडेन्सरमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या उपकरणात, समुद्राचं पाणी फिरतं आणि त्यातल्या एका नळीला बारीक छिद्र पडतं. समजा तासाला फक्त १ लिटर समुद्राचं पाणी आत शिरतं. एका लिटरमध्ये सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. समजा युनिटचं फीडवॉटर ताशी ३००० टन आणि ब्लोडाऊन ताशी ३० टन आहे. वाटेत कंडेन्सेट (कंडेन्सरमध्ये वाफेचं परत झालेलं पाणी) शुद्ध करणारी रेझिन (क्षार पकडणारे बारीक मणी) नसेल, तर काही तासांनी स्टीम जनरेटरच्या पाण्यात क्लोराइड अब्जात ६०० भागांच्या वर स्थिरावेल. एरवी ते काही डझन भागांच्या आत ठेवायची धडपड असते. एका बाटलीएवढ्या पाण्यानं सगळं बिघडतं. ब्लोडाऊनकडे दुर्लक्ष करू नका असं मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो, ते याच हिशेबामुळे.

क्षार वाढले तर बिघडतं काय?

नळ्या बिघडतात. त्यांची भिंत जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आणि किरणोत्सारी बाजू व वाफेची बाजू यांच्यात तेवढाच आडोसा असतो. नळी तिला जागेवर धरणाऱ्या आधारपट्टीतून जाते तिथल्या फटीत पाणी उकळत राहतं आणि क्षार आणखी कितीतरी पटींनी आटतात. मोजलेल्या नमुन्यात काहीच वाईट दिसत नसताना फटीत मात्र आम्लाचा किंवा अल्कलीचा जवळजवळ पाक झालेला असतो.

अमेरिकेतल्या भट्ट्यांनी याची मोठी किंमत दिली. १९७० च्या दशकात तिथे स्टीम जनरेटरमध्ये फॉस्फेट घालत. त्यानं नळ्यांची भिंत पातळ होऊ लागली, म्हणून अमोनियासारख्या उडून जाणाऱ्या रसायनांकडे वळले. मग दुसरंच दुखणं सुरू झालं. क्लोराइडमुळे आधारपट्ट्यांचं पोलाद गंजून फुगलं आणि त्यानं नळ्यांना चिमटे घेतले. खारं किंवा मचूळ पाणी वापरणाऱ्या सरी आणि टर्की पॉइंट केंद्रांत हे जास्त झालं. सरीच्या दुसऱ्या युनिटमध्ये १५ सप्टेंबर १९७६ रोजी एक नळी फुटली, आणि १९७९-८० मध्ये तिथले स्टीम जनरेटर बदलावे लागले.

मग भरपूर ब्लोडाऊन का काढत नाहीत?

खरा पेच इथेच आहे. बाहेर काढलेला प्रत्येक टन थंड करावा लागतो, शुद्ध करावा लागतो, नाहीतर त्याच्या जागी नवं क्षारमुक्त पाणी बनवावं लागतं. म्हणून रोजचा दर साधारण फीडवॉटरच्या १ टक्क्याच्या आतबाहेर ठेवतात, आणि गळती किंवा युनिट सुरू करण्याच्या वेळी वाढवतात. पण वाढवायचं म्हटलं तरी कूलर झेपेल तेवढंच वाढवता येतं. स्टीम जनरेटर किती स्वच्छ ठेवता येईल याची वरची मर्यादा कूलर ठरवतो. अडचणीच्या दिवशी दुप्पट पाणी थंड करता येणार नसेल, तर केमिस्टनं कितीही आरडाओरडा केला तरी व्हॉल्व्ह उघडता येत नाही. प्रणाली आखताना रोजच्या दरावर समाधान मानणं मला म्हणूनच चूक वाटतं.

ते पाणी थेट बाहेर का सोडत नाहीत? थंड करायची गरज काय?

कारणं तीन आहेत.

पहिलं, ते पाणी दाबाखाली २५० अंशांच्या आसपास असतं. भारतीय जडपाणी भट्ट्यांत वाफेचा दाब साधारण ४० बार, आणि त्या दाबाला पाणी २५० अंश सेल्सिअसला उकळतं. साध्या दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांत दाब ७० बारच्या जवळ आणि तापमान २८५ अंशांच्या आसपास जातं. ४० बारचं पाणी उघड्यावर सोडलं तर त्यातलं सुमारे ३० टक्के क्षणात वाफ होतं. एक किलो पाणी आधी सव्वा लिटर जागा व्यापतं, बाहेर आल्यावर त्यातून जवळजवळ ५०० लिटर वाफ निघते. ७० बारला वाफेचा वाटा ३७-३८ टक्क्यांवर जातो. हे पाणी सामान्य निचऱ्याच्या पाइपात सोडायचं नसतं.

दुसरं कारण रेझिन. पाणी परत वापरायचं तर आयन-विनिमयाच्या रेझिनमधून न्यावं लागतं. क्षारातले ऋण आयन पकडणारी तीव्र रेझिन सुमारे ६० अंशांच्या वर तग धरत नाही. ती विघटित होऊ लागली की ट्रायमिथिलअमाइन सुटतं. कोकणातल्या माणसाला तो वास लगेच ओळखू येईल, कारण शिळ्या मासळीचा वास त्याच द्रव्याचा. वासापुरतं थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण विघटनातून निघालेली सेंद्रिय द्रव्यं परत स्टीम जनरेटरमध्ये जाऊन आम्लं बनतात. साफ करायला ठेवलेली वस्तूच घाण करू लागते. म्हणून पाणी ५० अंशांच्या आसपास आणूनच रेझिनला देतात.

तिसरं कारण मोजमाप. वाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, २५ अंशांच्या मानानं मोजतात, आणि गरम नमुन्याचा आकडा फसवतो. प्रत्येक स्टीम जनरेटरच्या नमुन्याच्या लाइनला म्हणूनच स्वतःचा छोटा कूलर असतो. तो लहान असला तरी त्याच्यावर ऑपरेटरचे सगळे निर्णय अवलंबून असतात.

थंड करण्याच्या पद्धती कोणत्या?

मुख्य दोन.

एका पद्धतीत पाणी आधी फ्लॅश टँकमध्ये सोडतात. तिथे दाब कमी असतो, त्यामुळे काही भाग वाफ होतो. ती वाफ डीएरेटरला (पाण्यातली विरघळलेली हवा काढणाऱ्या टाकीला) किंवा फीडवॉटर हीटरला देतात. उरलेलं पाणी कूलरमधून रेझिनकडे जातं. समजा टँकचा दाब ३ बार आहे. ४० बारच्या पाण्यातलं सुमारे २४ टक्के वाफ होतं, आणि ५० अंशांपर्यंत थंड करताना जेवढी उष्णता काढायची तिच्यापैकी जवळजवळ ७० टक्के या वाफेबरोबरच कामाला लागते. कूलरवर फक्त ३० टक्के भार उरतो. शिवाय वाफेचं पाणी बऱ्यापैकी शुद्ध असतं, त्याला रेझिनची गरज नसते. त्रास असतो तो टँकच्या आधीच्या व्हॉल्व्हला आणि पाइपाला. तिथे पाणी आणि वाफ एकत्र, मोठ्या वेगानं धावतात.

दुसऱ्या पद्धतीत उलट करतात. पाण्याचा दाब तसाच ठेवून ते आधी उष्णता-विनिमयकातून नेतात, थंड झाल्यावर मग दाब उतरवतात. पाणी कुठेच उकळत नाही. थंडावा कंडेन्सरमधून आलेल्या कंडेन्सेटचा, त्यामुळे ब्लोडाऊनची उष्णता थेट फीडवॉटरच्या वाटेवर परत जाते. वेस्टिंगहाऊसच्या एपी-१००० भट्टीत अशीच रचना आहे, आणि पुढे रेझिनच्या भांड्यांऐवजी विजेवर चालणारे आयन काढणारे संच आहेत.

मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण दोन अवस्थांचा प्रवाह हा पाइपांचा शत्रू आहे. तिचीही किंमत आहेच. कूलरच्या नळ्यांना पूर्ण दाब सोसावा लागतो. नळी फुटली तर दाबाचं गरम पाणी कमी दाबाच्या कंडेन्सेटमध्ये घुसतं, म्हणून त्या बाजूला सुरक्षा-व्हॉल्व्ह हवाच. आणि थंडावा कंडेन्सेटइतकाच थंड मिळतो. उन्हाळ्यात समुद्र ३० अंशांवर असला की कंडेन्सेट ४० च्या वर असतं, आणि ६० ची रेझिनची मर्यादा फार लांब राहत नाही. कूलरच्या नळ्यांत काळ्या मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या ऑक्साइडचा) थर बसला तर ते अंतर आणखी घटतं. यासाठी बऱ्याच ठिकाणी शेवटी शीतन-पाण्यावर चालणारा आणखी एक कूलर ठेवतात.

उष्णता परत घेण्यात खरंच फायदा आहे का?

वरच्याच उदाहरणातले ताशी ३० टन २५० अंशांवरून ५० वर आणायचे तर सुमारे ७.३ मेगावॉट उष्णता काढावी लागते. सगळी समुद्राला दिली तर विजेच्या हिशेबात दीड ते दोन मेगावॉटचा तोटा होतो. शेकडो मेगावॉटच्या युनिटला तो लहान वाटेल, पण तो वर्षभर चोवीस तास चालू राहतो. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा परिणाम. उष्णता फुकट जात नसेल, तर ब्लोडाऊन वाढवताना कोणाचा हात आखडत नाही.

वाढवल्यावर पाणी लगेच स्वच्छ होतं का?

नाही. समजा सगळ्या स्टीम जनरेटरमध्ये मिळून १५० टन पाणी आहे आणि ब्लोडाऊन ताशी ३० टन. मग क्षार एक-तृतीयांशाच्या थोडे वर येईपर्यंत ५ तास लागतात, आणि जवळजवळ निघून जायला १५. तोही गळती आधी बंद केली तर. ब्लोडाऊन वाढवणं म्हणजे वेळ मिळवणं. त्या वेळात कंडेन्सरची गळकी नळी शोधून तिला बूच मारायचं असतं.

फटींत दडलेले क्षार तर ब्लोडाऊनला सापडतच नाहीत. युनिटची शक्ती कमी केली की ते बाहेर येतात, आणि नमुन्यातले आकडे अचानक चढतात. नवखा माणूस घाबरतो, पण ही चांगली संधी असते. कमी शक्तीवर काही तास थांबून, ब्लोडाऊन जास्तीत जास्त ठेवून, तो माल काढून घ्यायचा. तेव्हाही कूलरची ताकदच कामाला येते.

गाळही निघतो ना?

थोडाच. पाइपाच्या तोंडाजवळचा गाळ ओढला जातो, नळ्यांच्या गर्दीत मधोमध बसलेला तिथेच राहतो. तो युनिट बंद असताना जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं काढावा लागतो.

हे पाणी किरणोत्सारी असतं का? समुद्रात सोडतात का?

नळ्या शाबूत असतील तर स्टीम जनरेटरच्या बाहेरच्या बाजूचं पाणी अणुभट्टीच्या पाण्याला शिवत नाही. पण आतल्या बाजूचा दाब नेहमी जास्त असतो, त्यामुळे छिद्र पडलं की गळती अणुभट्टीकडून वाफेच्या बाजूला होते. म्हणून ब्लोडाऊनवर किरणोत्सार मोजणारी उपकरणं असतात. आकडा मर्यादेबाहेर गेला की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतात, किंवा पाणी किरणोत्सारी पाण्याच्या प्रक्रियेकडे वळवतात.

जडपाणी भट्टीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, हा विशेष मुद्दा आहे. जडपाण्यातल्या ड्यूटेरियमनं न्यूट्रॉन पकडला की ट्रिटियम तयार होतं, आणि त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं आहे. कणभर जडपाणी गळलं तरी ब्लोडाऊनच्या नमुन्यात ट्रिटियम दिसतं, आणि प्रत्येक स्टीम जनरेटरचा नमुना वेगळा घेतल्यामुळे गळका कोणता तेही कळतं. जडपाणी महाग असल्यानं ही गळती लवकर पकडण्यात आर्थिक कारणही आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेझिन ट्रिटियम काढू शकत नाही, कारण ते पाण्याच्या रेणूचाच भाग झालेलं असतं. "फिल्टर केलंय, आता काही नाही" असं कोणी म्हणालं तर ते अर्धवट उत्तर आहे. सोडल्या जाणाऱ्या पाण्याला अणुऊर्जा नियामक मंडळानं घातलेल्या मर्यादा असतात, आणि सर्वसामान्य माणसाला केंद्रामुळे मिळणाऱ्या किरणोत्साराच्या एकूण मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. केंद्रांजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण प्रयोगशाळा पाणी, मासळी, दूध यांचे नमुने तपासतात. आसपासच्या गावांनी ते आकडे मागावेत. तो त्यांचा हक्क आहे.

कूलर बंद पडला तर अणुभट्टी बंद करावी लागते का?

लगेच नाही. कूलरनंतरचं तापमान चढलं की ब्लोडाऊन बंद होतं किंवा रेझिनला वळसा घालून जातं, आणि युनिट चालू राहतं. पण मग क्षार साचू लागतात. किती वेळ चालवायचं हे रसायनशास्त्राच्या मर्यादा ठरवतात. कंडेन्सर शाबूत असेल तर सवड मिळते, गळत असेल तर नाही.

अपघाताच्या वेळी ब्लोडाऊनचं काय करतात?

बंद करतात. अणुभट्टी थांबल्यावरही उष्णता निघत राहते, आणि ती काढायला स्टीम जनरेटरमधलं पाणी हवं असतं. अशा वेळी तळातून पाणी वाहू देणं म्हणजे घागर भरताना तिला भोक ठेवणं. म्हणून आणीबाणीचं फीडवॉटर सुरू होण्याच्या किंवा अणुभट्टीभोवतीची बंदिस्त इमारत (कंटेनमेंट) बंद करण्याच्या इशाऱ्यावर हे व्हॉल्व्ह मिटतात. हवेवर चालणारे असतील तर हवा गेल्यावरही मिटलेलेच राहावेत अशी त्यांची रचना असते.

पाइपांची एवढी काळजी का घ्यावी लागते?

साध्या कार्बन पोलादाच्या आतला संरक्षक थर वेगवान गरम पाण्यात विरघळत जातो आणि भिंत आतून पातळ होते. बाहेरून काहीच दिसत नाही. जपानच्या मिहामा केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये ९ ऑगस्ट २००४ रोजी कंडेन्सेटचा असाच झिजलेला पाइप फुटला आणि ५ कामगार दगावले. ती ब्लोडाऊनची लाइन नव्हती आणि तिथे किरणोत्सारही नव्हता, नुसतं गरम पाणी आणि वाफ होती. व्हॉल्व्हनंतरच्या पाइपाच्या वळणांवर भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडनं मोजत राहणं आणि तिथे क्रोमियम असलेलं पोलाद वापरणं हा त्यावरचा उपाय आहे.

बंद असलेली लाइन सुरू करताना व्हॉल्व्ह हळू उघडा. थंड पाइपात साचलेल्या पाण्यावर गरम पाणी आणि वाफ आदळली की पाइप आधारांसकट हादरतो. आधी पाइप तापू द्यावा. शिफ्ट संपत आलेली असली तरीही.

तारापूरच्या जुन्या युनिटांत स्टीम जनरेटर नव्हते, हे खरं का?

लोकांचा तसा समज असतो, कारण १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत आणि तिथे भट्टीतलीच वाफ टर्बाइनला जाते. पण मूळ रचनेत त्यांना दुय्यम स्टीम जनरेटरही होते. त्यांच्या नळ्या गळू लागल्या, ते वापरातून काढावे लागले, आणि २१० मेगावॉटची युनिटं १६० वर आली. नळ्यांच्या दुखण्यानं किती वीज कायमची जाऊ शकते, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे.

कुडनकुलमचे स्टीम जनरेटर वेगळे दिसतात, तिथेही हेच चालतं का?

हो. रशियन रचनेचे ते स्टीम जनरेटर आडवे असतात, त्यामुळे पाणी काढायच्या जागा वेगळ्या. क्षारांचा हिशेब आणि थंड करण्याची गरज तीच.

शिफ्टमध्ये या प्रणालीची प्रकृती कशी ओळखायची?

चार आकडे एकत्र वाचा: ब्लोडाऊनचा प्रवाह, कूलरनंतरचं तापमान, थंडावा देणाऱ्या पाण्याचं तापमान आणि धन आयन काढल्यानंतरची वाहकता. शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण गंज रोखायला मुद्दाम घातलेलं अमाइन (अमोनियासारखं रसायन) त्यात गाळलं जातं आणि क्लोराइड-सल्फेटसारखे नको असलेले पाहुणे उघडे पडतात. प्रवाह तोच, थंड पाणीही तेवढंच थंड, तरी कूलरनंतरचं तापमान आठवड्याला अर्धा-एक अंश चढत असेल, तर नळ्यांत थर बसतो आहे. त्याची नोंद लॉगबुकात त्याच दिवशी करा आणि पुढच्या शटडाऊनच्या कामांच्या यादीत कूलरची सफाई लिहून ठेवा.